गहू, जव आणि अंजिराच्या साक्षीने

अथेन्सच्या उत्तरेला अखार्नाई नावाचं गाव होतं. कोळसा पाडणाऱ्यांचं गाव म्हणून अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात ते आपल्याला भेटतं. याच गावाच्या परिसरात 1932 साली एक कोरीव शिला सापडली. ती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली होती, आणि एरीस व अथीना यांच्या पुजाऱ्याने ती देवाला वाहिली होती. तिच्या वरच्या भागात एक शपथ कोरलेली होती. वयाची अठरा वर्षं पुरी झालेली अथेन्सची पोरं, ज्यांना ‘एफीब’ म्हणत, सैनिकी शिक्षणाला उभी राहताना ही शपथ घ्यायची. हातातल्या शस्त्रांना कमीपणा आणणार नाही, रांगेत शेजारी उभा असेल त्याला सोडून पळणार नाही, कायदे मोडू पाहणाऱ्याला मोडू देणार नाही, आणि ही भूमी हाती आली त्याहून लहान करून नव्हे, तर अधिक मोठी आणि अधिक चांगली करून पुढच्यांच्या हवाली करीन, असा तिचा आशय.

शपथेला साक्षीदार लागतात. शिलेवर आधी देवदेवतांची नावं येतात: अ‍ॅग्लॉरोस, हेस्तिया, एरीस, झ्यूस, हेराक्लीस. देव संपतात, पण यादी थांबत नाही. पुढे येतात देशाच्या सीमा, मग गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर. ज्या रानाचं खाऊन पोर वाढलं, त्या रानातलं पीक साक्षीला उभं! आपल्याकडे मीठभाकरीला स्मरून शब्द देण्याची रीत आहे. म्हणून असेल, पण या यादीतलं शेवटचं अंजीर माझ्या मनातून जात नाही.

आता अथेन्सहून थेट न्यू यॉर्कला जाऊ, क्वीन्स भागात. विमानतळं, टॅक्सीस्टँड, कोरियन वाणसामानाची दुकानं, बांगलादेशी खाणावळी. जगात एका जागी सगळ्यात जास्त भाषा जिथे ऐकू येतात, अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. तिथल्या मेलबर्न अ‍ॅव्हेन्यूवर, क्वीन्स कॉलेजच्या आवारातच, एक सरकारी शाळा आहे. फी नाही. नववी ते बारावीची हजाराच्या वर मुलं. बरीचशी मुलं सबवेतून उतरून पुन्हा बस धरतात, कारण सबवे तिथवर पोचत नाही. या शाळेत आल्यावर पहिल्या वर्षात आणि शाळा सोडून जाताना मुलं उभी राहून एक शपथ म्हणतात. ती हीच, अखार्नाईच्या शिलेवरची, नव्या काळाला बेताने जुळवून घेतलेली. ‘भूमी’च्या जागी ‘शहर’ आलं आहे. ढाल, भाला आणि अंजीर गेले. शहर मिळालं त्यापेक्षा अधिक चांगलं करून मागे ठेवीन, हा शब्द मात्र राहिला.

शाळेचं नाव टाउनसेंड हॅरिस हायस्कूल. अमेरिकेत हिच्यासारख्या शाळेला ‘मॅग्नेट स्कूल’ म्हणतात, म्हणजे लोहचुंबक शाळा. तिथे एरवी मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार ते घराच्या पत्त्यावरून ठरतं. वस्त्या वंशानुसार आणि पैशानुसार विभागलेल्या, त्यामुळे शाळाही तशाच विभागल्या गेल्या. 1960च्या दशकाच्या अखेरीस काही शहरांनी निराळा मार्ग धरला. वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा शहराने 1968 साली आणि बॉस्टनने 1969 साली अशा शाळा काढल्या, ज्यांच्यात काहीतरी इतकं खास असेल की वेगवेगळ्या वस्त्यांतले पालक आपण होऊन मुलांना तिकडे पाठवतील. जबरदस्तीने बसमध्ये बसवायचं नाही, ओढ लावायची. कुठे ती ओढ विज्ञानाची असते, कुठे नृत्याची, कुठे यंत्रकामाची. टाउनसेंड हॅरिसने ओढ लावली ती लॅटिन आणि प्राचीन ग्रीकची. एकविसाव्या शतकात, रोजगाराची चिंता करणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना, सरकारी खर्चाने, ज्या भाषा आज कुणाची मातृभाषा नाहीत त्या शिकवायच्या, आणि त्यासाठी अर्जांची रीघ लागावी, याचं मला विलक्षण आश्चर्य वाटतं.

ज्याच्या नावाने ही शाळा आहे तो स्वतः फारसा शिकलेला नव्हता. टाउनसेंड हॅरिसचा जन्म 1804चा, न्यू यॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. तेराव्या वर्षी तो शहरात येऊन कापडाच्या दुकानात कामाला लागला. पुढे चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार केला. रात्री पुस्तकं वाचत फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषा स्वतःच शिकला. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळावं, अशी तळमळ काही माणसांना असते, हॅरिस त्यातला. 1846 साली तो शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाला आणि त्याने एकच गोष्ट लावून धरली: महाविद्यालयाचं दार सगळ्यांना उघडा, श्रीमंताचं आणि गरिबाचं पोर एका बाकावर बसू दे, भेद राहिलाच तर तो मेहनतीचा, वर्तनाचा आणि बुद्धीचा राहू दे. हा खर्च करदात्यांनी का सोसावा, असा ओरडा झालाच. 1847 साली प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या पाचपटीहून जास्त होती. त्यातून ‘फ्री अकॅडमी’ उभी राहिली, तीच पुढे न्यू यॉर्कचं सिटी कॉलेज झाली. हॅरिस मात्र ती उघडायच्या सुमारास आशियात व्यापाराला निघून गेला आणि 1856 साली जपानमधला अमेरिकेचा पहिला कॉन्सल जनरल म्हणून शिमोदा बंदरात उतरला. 1858चा अमेरिका-जपान व्यापार करार त्याच्याच नावाने ओळखला जातो. इतिहासाच्या पुस्तकांत तो त्या करारामुळे आहे. माझ्या लेखी त्याचं मोठं काम 1847चं.

सिटी कॉलेजात मुलांना तयार करून पाठवणारी शाळा 1904 साली त्याचं नाव घेऊन उभी राहिली. त्या वेळी फक्त मुलग्यांसाठी. प्रवेशाला कडक परीक्षा. चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत उरकायचा, आणि तो तडीस नेला की सिटी कॉलेजात जागा पक्की, तीही फुकट. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या कोंदट चाळींतून, ब्रॉन्क्सच्या गल्ल्यांतून ही पोरं यायची. घरी यिडिश, रशियन, रोमानियन बोलली जायची, बाप शिवणकामाच्या कारखान्यात असायचा. आणि ही पोरं सिसेरोची लॅटिन वाक्यं फोडत बसायची.

अशा विद्यांना युरोपात ‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणत. त्या शब्दाचं मूळ फार बोलकं आहे. लॅटिनमध्ये ‘लीबर’ म्हणजे स्वतंत्र माणूस, जो गुलाम नाही तो. गुलामाने कामाचं कसब शिकायचं आणि स्वतंत्र माणसाने व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित, भूमिती, संगीत, खगोल शिकायचं, अशी ती वाटणी. म्हणजे ज्याला सभेत उभं राहून बोलायचं आहे, मत द्यायचं आहे, न्याय करायचा आहे, त्याची ही शिदोरी. हजारो वर्षं ती सरदारांच्या, जमीनदारांच्या पोरांपाशी राहिली. टाउनसेंड हॅरिसने ती शिंप्याच्या पोराच्या दप्तरात टाकली. गरिबाच्या मुलाला लवकर हातात हुन्नर द्यावा, बाकी थोरामोठ्यांचे शौक त्याला कशाला, असं सांगणारे प्रेमळ लोक प्रत्येक देशात असतात. या शाळेने ते कधी मानलं नाही, आणि तिच्याबद्दलचा माझा सगळा आदर इथून सुरू होतो.

त्या पोरांनी काय केलं ते पाहा. 1910च्या आसपास एका वर्गात आडनावांच्या क्रमाने बसल्यामुळे दोन मुलं जवळजवळ आली, ‘जी’चा गेर्शविन आणि ‘एच’चा हॉकबर्ग. हॉकबर्गच्या हातात गिल्बर्टच्या विनोदी कवितांचं पुस्तक होतं. गेर्शविन म्हणाला, याला चाली आहेत, ठाऊक आहे का? आणि घरी नेऊन त्याने ग्रामोफोनवर गिल्बर्ट आणि सलिव्हनचा ऑपेरा ऐकवला. हॉकबर्गच्या घरी ग्रामोफोन कुठला! शब्दांना सूर मिळतात हे त्याला त्या दिवशी कळलं. तो पुढे यिप हार्बर्ग या नावाने गीतकार झाला. ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणं त्याचं. दुसरा होता आयरा गेर्शविन, भाऊ जॉर्जच्या चालींना शब्द देणारा. नट एडवर्ड रॉबिन्सन इथला, कादंबरीकार हर्मन वूक इथला, हार्लेमचे काँग्रेस सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेल इथले. भौतिकशास्त्रात ज्युलियन श्विंगर, अर्थशास्त्रात केनेथ अ‍ॅरो, रसायनशास्त्रात हर्बर्ट हॉप्टमन, ही तीन नोबेल नावंही या वर्गांतून गेलेली. भाषाप्रधान शाळेतून तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

एका मुलाजवळ मात्र थांबायलाच हवं. तो तेराव्या वर्षी शाळेत आला. आई रशियातून आलेली, शिक्षण न मिळालेली. बाप कपड्यांच्या धंद्यात. मुलाला वकील व्हायचं होतं, आईला ते पटेना. पंधराव्या वर्षी तो सिटी कॉलेजात पोचला आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन वैद्यकाकडे वळला. त्याचं नाव जोनास साल्क. 12 एप्रिल 1955 रोजी त्याची पोलिओची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं, तेव्हा अमेरिकेत चर्चच्या घंटा वाजल्या. लसीचं पेटंट कुणाकडे, असं दूरचित्रवाणीवर विचारल्यावर त्याने ते लोकांचं असल्याचं सांगितलं आणि सूर्याचं पेटंट घेता येतं का, असा उलट प्रश्न केला. आपल्याकडे मुलांना तोंडात दोन थेंब पाजले जातात, ती लस साबिन या दुसऱ्या शास्त्रज्ञाची. पण 2015च्या नोव्हेंबरपासून भारतातल्या बाळांना पोलिओची जी सुईसुद्धा टोचली जाते, तिचं घराणं साल्कचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2012 साली नेदरलँड्‌समधला एक कारखाना विकत घेतला, तोही याच सुईच्या लसीसाठी. आपल्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या दंडापर्यंत या शाळेचा एक धागा येऊन पोचला आहे.

आणि तरीही 1942 साली ही शाळा बंद केली गेली. महापौर होते फिओरेलो ला गार्डिया. खर्च परवडत नाही, असं कारण दिलं गेलं. हे तेच महापौर, ज्यांनी 1936 साली संगीत आणि कलेसाठी वेगळी सरकारी शाळा हौसेने काढली होती. म्हणजे माणूस विद्येचा वैरी नव्हता. पण निवडक मुलांच्या छोट्या शाळेवर कुऱ्हाड पटकन पडते. तिची बाजू घ्यायला फार मतदार नसतात. वर्ग विखुरले, शिक्षक इकडेतिकडे गेले. अशा मिटलेल्या शाळा जगभर असंख्य आहेत. त्यांचे माजी विद्यार्थी वर्षाकाठी एकदा जेवायला जमतात, जुने किस्से सांगतात, आणि दर वर्षी जमणाऱ्यांची संख्या कमी होत जाते.

इथे तसं झालं नाही, आणि हीच या गोष्टीतली सर्वांत नवलाची जागा. 1975 साली न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी उभं होतं. 1976 साली सिटी कॉलेज आणि त्याच्या भगिनी संस्थांनी फी सुरू केली. हॅरिसच्या 1847च्या वचनाला सव्वाशेहून अधिक वर्षांनी तडा गेला. अशा दिवसांत साठी-सत्तरीला टेकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं की आपली शाळा परत उभी करायची. स्वतःची मुलं शिकून केव्हाच बाहेर पडलेली. त्यांना या शाळेतून आता काहीही मिळायचं नव्हतं. ते अधिकाऱ्यांना भेटत राहिले, पाठपुरावा करत राहिले. 1984च्या सप्टेंबरमध्ये क्वीन्समध्ये टाउनसेंड हॅरिस पुन्हा उघडली, आणि या वेळी मुलींसाठीसुद्धा. क्वीन्स कॉलेजच्या आवारातली आजची इमारत आली ती 1995 साली.

शपथ आठवा: मिळालं त्याहून चांगलं करून पुढच्यांच्या हवाली करीन. या शब्दांचा असा हिशेब चुकता केलेली माणसं मला फार थोडी माहीत आहेत.

आज तिथे काय चालतं? प्रत्येक मुलाला दोन वर्षं लॅटिन किंवा प्राचीन ग्रीक घ्यावी लागते, शिवाय एक आधुनिक भाषा, आणि त्यात जपानीसुद्धा आहे. हॅरिसला ते आवडलं असतं. ग्रीक शिकणाऱ्या मुलाला पहिल्या काही महिन्यांत जे दिसतं, ते मराठी वाचकाला तर अधिकच जवळचं आहे. ग्रीकमध्ये एकवचन आणि अनेकवचनाच्या मधे द्विवचन आहे, दोन डोळ्यांसाठी, दोन बैलांसाठी. संस्कृतात ‘रामौ’ आहे तसंच. त्या दोन बैलांच्या मानेवर जे ठेवतात त्याला ग्रीक म्हणतो झुगॉन, लॅटिन म्हणते युगुम, संस्कृत म्हणते युग, आणि सोलापूरचा शेतकरी म्हणतो जू. ग्रीकांचं थुरा म्हणजे आपलं द्वार, आपलं दार. वाढत्या वयाच्या मुलाला हे कळतं तेव्हा भाषा म्हणजे गुण मिळवण्याचा विषय उरत नाही. जमिनीखालून मुळं कुठवर गेली आहेत ते दिसू लागतं. बांगलादेशातून आलेल्या मुलीलाही तिच्या बंगालीत हेच ‘दुआर’ सापडतं. अथेन्सच्या शब्दांत ती स्वतःच्या घराचं दार उघडते.

शेवटच्या वर्षी मुलं अंगण ओलांडून कॉलेजात जातात, शब्दशः. क्वीन्स कॉलेजचे प्राध्यापक आणि शाळेतले शिक्षक मिळून मानव्यविद्यांचा वर्ग घेतात, आणि बारावीतच कॉलेजची श्रेयं पदरात पडतात, विनामूल्य. दर वर्षी शरद ऋतूत शाळेत अख्खी निवडणूक भरते. कुणी उमेदवार होतं, कुणी त्याचे प्रचारक, कुणी पत्रकार, कुणी दबावगट. जाहिराती होतात, वादसभा होतात, मतदान होतं. प्राचीन अभ्यासक्रमातलं वक्तृत्वशास्त्र इथे धड्यात कोंडलेलं नाही, ते चावडीवर येऊन बसलं आहे. मला विचाराल तर लॅटिनच्या तासाइतकाच हा उपक्रम ‘क्लासिकल’ आहे.

एक गोष्ट मनात खुपते, ती बोलायला हवी. श्रीमंत-गरीब एका बाकावर बसू देत, असं हॅरिस म्हणाला. पण ही शाळा सगळ्यांना घेत नाही. आधीच्या इयत्तांतली कामगिरी पाहून ती मुलं निवडते, आणि जागांच्या कितीतरी पट अर्ज येतात. शहरातल्या निवडक शाळांत कुणाची मुलं जातात, कुणाची राहून जातात, यावर न्यू यॉर्कमध्ये कित्येक वर्षं कडवट वाद चालू आहे, आणि नाकारल्या गेलेल्या मुलाच्या आईची बाजू खोटी नाही. माझं मत असं, की दोष या शाळेने निवड करण्यात नाही. अशी शाळा शहरात एकदोनच असण्यात आहे. ग्रीक शिकायला विलक्षण बुद्धी लागत नाही. अथेन्समध्ये कोळसा विकणारेही ती बोलत होते.

तसं पाहिलं तर मूळ शपथेचं दारही अरुंदच होतं. अ‍ॅक्रोपोलिसच्या पूर्व उतारावर अ‍ॅग्लॉरोसच्या देवस्थानी ती घेतली जायची. ही अ‍ॅग्लॉरोस म्हणजे शहर वाचावं म्हणून कड्यावरून स्वतःला झोकून देणारी राजकन्या, असं एक कथा सांगते. साक्षीदारांत पहिलं नाव तिचं, एका मुलीचं. पण शपथ घेण्याचा हक्क फक्त नागरिकांच्या मुलग्यांना. मुली नाहीत, गुलाम नाहीत, परदेशातून येऊन तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेले नाहीत. आज क्वीन्समध्ये तीच शपथ म्हणणाऱ्यांत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा जास्त आहे, आणि बहुतेकांचे आईबाप किंवा आजीआजोबा दुसऱ्या देशातून आलेले आहेत. अथेन्सने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांच्या तोंडी अथेन्सचे सर्वांत चांगले शब्द आले आहेत.

अखार्नाईची ती शिला आता अथेन्समधल्या फ्रेंच पुरातत्त्व संस्थेत आहे. टाउनसेंड हॅरिस हायस्कूल पहिल्या खेपेला 38 वर्षं चाललं आणि 42 वर्षं बंद राहिलं. सप्टेंबर 2026मध्ये त्याच्या दुसऱ्या जन्मालाही 42 वर्षं पुरी होतात.